काचेच्या छताची गाडी

"आईंना तो स्वित्झर्लंडचा व्हिडिओ दाखवू नकोस, लगेच बॅग भरतील," असं नवऱ्यानं, केदारनं बजावलं होतं. निहारिकानं ते हसण्यावारी नेलं. आता तिची आई तिथल्या गाडीत लोअर बर्थ मागत होती.

"अगं, दिवसाची गाडी ती! छत काचेचं, बर्थच नाहीत!"

"मग सामानाची साखळी बांधायची कुठे?"

दोघी हसून हसून लोळल्या. पण दोन वर्षांच्या जयूला आठ दिवस सोडायचं कसं?

"बाप आहे ना तिचा! तुला आत्याकडे सोडून मी चारधाम केलं, बिघडलीस का?"

"थोडीशी," म्हणत निहारिकानं जूनची तिकिटं काढलीच.

आता तिची तुम्हाला एकच विनंती आहे. जूनमध्ये उज्जैनला असाल, तर फ्रीगंजातल्या तिच्या घरी जरा डोकावाल का? जयू नीट जेवतेय ना, एवढंच बघा.