चिमणाबाईचा मतांगीकार

मोहिनीला अख्खा मतांगीकार एका दमात म्हणता यायचा. आपण ख्रिस्ती काय मानतो ते सांगणारं हे पाठांतर. दर रविवारी मोठी माणसंसुद्धा मधले शब्द गिळून कसंबसं पार पाडायची. मोहिनी मात्र एकेक शब्द लवंगीसारखा वाजवायची! देवळाली कॅम्पातल्या त्या छोट्या चर्चमध्ये ती अशी चालायची, जणू पाळकसाहेबांच्या खालोखाल हीच.

म्हणून तर पाळकसाहेबांनी मतांगीकार पाठ करून घ्यायला चिमणाबाईला तिच्या हवाली केलं. येत्या ईस्टरला दोघी पहिल्यांदाच प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटली जाणारी भाकर आणि प्याला, घेणार होत्या. चिमणाबाई पेठकडची, कॅम्पात धुणीभांडी करणारी, अक्षराशी आयुष्यात गाठ नाही. तिचा नवरा काळू सरकारी दवाखान्यात शेवटच्या दिवशी तेच प्रभुभोजन घेऊन वारला. तेव्हापासून म्हातारीला एकच ध्यास : काळू बसला त्या पंगतीला आपणही बसायचं.

"तिचं पाठ नाही झालं तरी चालेल हं बेटा," पाळकसाहेब म्हणाले होते. "विश्वास आहे, पुरे. तिलाही तसं सांग. कृपा म्हणजे पगार नव्हे, फुकट मिळते."

फुकट! मोहिनीच्या मस्तकात तिडीक गेली. आपण घोकून घोकून घसा बसवला, उपास केले, शाळेची सहल बुडवली, आणि हिला फुकट? तिने तो निरोप तिथल्या तिथे गिळून टाकला.

"आजी, एक अक्षर चुकलं तरी भोजन मिळत नाही," ती म्हणाली. "आणि चुकलीस की एक बाक पुसायचा."

चिमणाबाई दर वेळी मतांगीकारातल्या पिलाताच्या नावाशी अडायची.

"हा पिलात कोणच्या गावचा पाटील गं, बाय?"

"पाटील? अगं, त्यानेच प्रभूला क्रुसावर दिलं!"

"मंग त्या मेल्याचं नाव मी कशाला घेऊ?"

तिथेच बसलेला मोहिनीच्या वर्गातला योगेश खो खो हसला. "आजी, तू तर पिलातावर केसच टाक!"

"हसतोस काय रे? आजी, पूस बाक!"

बाक असे चकाकायला लागले की मंडळी येता-जाता मोहिनीची पाठ थोपटायची. म्हातारीचे गुडघे सुजून वांग्यासारखे झाले. एका संध्याकाळी ती भुईवरच बसली.

"बाय, माझं डोस्कं गळकं मडकं हाय. मी लादीबी पुसते, खिडक्या पुसते. येवढं सांग ना पाळकाला."

मोहिनीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "काळूआजोबा ताटावर बसलेत गं तिकडे. तुझ्यासाठी थांबलेत. उपाशी. आणि तुला साधं एक नाव घेता येत नाही."

चिमणाबाई रडली नाही. तिने फडकं परत बादलीत बुडवलं. मोहिनीला इतकं मस्त वाटलं, इतकं मस्त, की घरी जाताना ती चक्क उड्या मारत गेली.

ईस्टरच्या पहाटे दोघी वेदीपुढच्या कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा घेऊन वाकले. "घ्या, चिमणाबाई."

तिने दोन्ही हात पदराखाली लपवले. "नाय साहेब. मी आजून पिलाताशी अडते."

"अहो, त्याचं काय एवढं? तुमचंच आहे हे. असंच घ्या."

"आसंच कसं? तिकडं काळूनं इचारलं, काय करून आलीस, तर काय सांगू?"

"काही करावंच लागत नाही, बाई!"

म्हातारी मान हलवत राहिली. पाळकसाहेबांचा हात तसाच पुढे. शेवटी त्यांनी मोहिनीकडे पाहिलं. "बेटा, मी म्हणालो होतो ते सांगितलंस ना हिला?"

सगळं चर्च बघत होतं. चिमणाबाईनेही मान वळवली. त्या डोळ्यांत अशी आशा होती की मोहिनीने नुसतं "घे गं आजी" म्हटलं असतं तरी तिने हात पसरले असते.

"सांगितलं होतं, पाळकसाहेब," मोहिनी म्हणाली. "तीच ऐकत नाही." आणि तिने आपली ओंजळ पुढे केली.

"खरं हाय," चिमणाबाई घाईघाईने म्हणाली. "पोरीचा काय दोष नाय. मीच चुकते." कठडा धरून ती उठली आणि पार मागच्या बाकाकडे निघाली.

पाळकसाहेबांनी तिला जाताना पाहिलं, मग तुकडा मोहिनीच्या ओंजळीत ठेवला. तिने सावकाश चावला. खोटं कशाला बोला, तो तिला गोड लागला.