वरच्या मजल्यावरचा राउटर

धाकटी सून सकाळपासून कंबर कसून बसली होती, पण बाहेरच्या माणसाला दार काही उघडत नव्हतं.

अंध मुलींच्या शाळेसाठी तिनं वर्षभर पुस्तकं वाचून आपल्या आवाजात साठवली होती. ती होती कपाटावरच्या जुन्या संगणकात. त्यावर तिनं रिव्हर्स प्रॉक्सी बसवला होता. बाहेरून आलेल्याला काय हवंय ते विचारून नेमक्या खोलीत पोचवणारा द्वारपालच म्हणा. शाळेच्या बाईंनी बजावलं होतं, "दुपारच्या तासाला लागलं तर ठीक. नाहीतर या सत्रात दुसरंच काही घेते."

राउटरमध्ये नियम नीट भरला होता: बाहेरून ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, येईल ते या संगणकाकडे धाड. तरी ठणठण गोपाळ.

"पेनड्राइव्ह पाठवून मोकळी हो," नवरा निघताना म्हणाला.

"दर धड्याला पेनड्राइव्ह? नको. हाती घेतलंय, तडीस नेईन."

मग तिनं राउटरचा 'बाहेरचा पत्ता' निरखला. तो १९२.१६८ ने सुरू होत होता. हा तर घरातल्या घरात वापरायचा पत्ता! म्हणजे आपल्याआधी आणखी एक राउटर आहे. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा पळी-चिमट्यापर्यंत वाटण्या झाल्या, पण इंटरनेटची वायर वरच्या मजल्यावर थोरल्यांकडे येऊन मगच खाली उतरत होती. ती आपलं दार उघडत बसली होती, फाटक मात्र वर बंद. आणि थोरल्या जाऊबाईंशी तेव्हापासून अबोला.

ती तशीच जिना चढली.

"आज इकडे कुठे वाट चुकलीस?" जाऊबाई दारातूनच म्हणाल्या.

"ताई, तुमच्या राउटरमध्ये एक नियम भरायचाय. माझ्याकडे येणारे तुमच्या दारात अडताहेत." तिनं शाळेचं सगळं सांगितलं.

"वाटणीत चमचे मोजून घेतलेस, वायर बरी विसरलीस."

"विसरलोच सगळे."

"आणि चोर शिरला म्हणजे?"

"एवढीच एक वाट उघडेल, तीही थेट माझ्या राउटरकडे. तुमच्या कशालाही धक्का नाही."

"नाही म्हटलं तर?"

"तर इथंच पायरीवर बसते," धाकटी हळू आवाजात म्हणाली.

जाऊबाईंनी हसू दाबलं. "चिवट आहेस. पासवर्ड मिळायचा नाही. तू सांग, आकडे मी भरते."

धाकटीनं खालच्या राउटरचा पत्ता सांगितला, ४४३ सांगितलं. नियम जतन झाला. जाऊबाईंनी लगेच आपल्या फोनवर धाकटीच्या पुस्तकांचं वेबपान उघडून पाहिलं. उघडेना.

"घे. सगळं मुसळ केरात."

"ताई, आपण घरात बसून घरालाच बाहेरून हाक मारतोय. काही राउटरांना ते जमत नाही. वायफाय बंद करून बघा."

मोबाइलच्या डेटावर पान अलगद उघडलं. जाऊबाईंनी पहिलंच पुस्तक लावलं आणि फोन कानाशी धरला.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. शाळेच्या बाई होत्या. "लागलंय हो. पण मुली म्हणतात, जरा सावकाश वाचा."

"पुढचा धडा सावकाश वाचते. आत्ताच बसते," ती म्हणाली, आणि जाऊबाईंकडे वळली. "येते मी, ताई."

जाऊबाईंनी नुसता हात वर केला. "थांब जरा. हे पान संपू दे."