भाताची हाडं

"सर, भाताला पण हाडं असतात का?"

वर्गातल्या धनश्रीच्या टोळीनं पैज लावली होती, म्हणून शाळेत आलेल्या कृषी अधिकाऱ्यांना मी उभं राहून विचारलं. अख्खी दहावी फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत.

"असतात म्हण की. सिलिकॉन. मुळं ते मातीतून ओढतात, खोडापानांच्या सालीत ते बसतं, साल कडक होते. मग वारा पिकाला सहज झोपवत नाही, खोडकिड्यालाही कुरतडायला जड जातं. तुसाच्या राखेत भरपूर असतं."

मी वडिलांच्या, अण्णांच्या, मागे लागले. लावणीआधीच्या चिखलणीला आमच्या खाचरात भातगिरणीतली तुसाची राख पडली. बांधापलीकडचे गोरखकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "पोरगी भाताला दात घासायला लावती का काय?" त्यांनी स्वतःच्या भाताला युरियावर युरिया दिला.

दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं. काकांचं हिरवंगार भात चटईसारखं आडवं झालं. आमचं वाकलं, पण उभं राहिलं. मी बांधावर नाचत होते.

तेवढ्यात काका कोयता घेऊन आले. "पानी माझ्या खाचरात सोडलंस म्हनून माझं पडलं."

"गोरख, बांध बघ. कुठं फुटलाय का?" अण्णा म्हणाले.

काकांनी बघितलंच नाही. कोयत्याच्या पाठीनं अण्णांच्या हातावर घाव घातला. काडकन आवाज आला, अण्णा चिखलात पडले. मग काका आमच्या भातात घुसले आणि मुठीमुठीनं कापत सुटले. पानांच्या कडांनी त्यांचे हात रक्ताळले, तरी थांबेनात. आई आडवी गेली. त्यांनी तिला केस धरून लोळवलं आणि कोयता वर उचलला.

खोपीत उरलेल्या राखेचं घमेलं होतं. मी ते धावत आणून त्यांच्या तोंडावर रिकामं केलं. ते डोळे चोळत गुडघ्यांवर आले. मी कोयता हिसकावून ओढ्यात भिरकावला.

रात्री अण्णा प्लास्टर घालून घरी आले. डॉक्टरांना त्यांनी 'बांधावरून घसरलो' असं सांगितलं होतं.

"तू पन तेच सांग," आई म्हणाली. "सख्खा भाऊ हाय त्यांचा."

"आन् उद्या तो परत आला तर?"

"कापू दे त्याला उरलेलं," अण्णा म्हणाले.

मी ताट बाजूला सारलं. "न्हाई. सकाळच्या जीपनं मी राजूरला पोलिसात चाललेय. तुमी घसरला म्हना, अण्णा. हाड मोडलेलं मी ऐकलंय, मी तेच सांगनार."