उत्तरेची भिंत

आमच्या घराच्या भिंती दोन फूट जाड आहेत. आत भांडण झालं तरी बाहेर कळत नाही, आणि बाहेर काय चाललंय ते आत कळत नाही. मला हे बांधकाम फार आवडतं.

माझ्या बायकोला, एनिडला, आवडत नाही. एकतीस वर्षं ती कोऱ्या भिंतीकडे तोंड करून भांडी घासतेय. हॅरोगेटला तिच्या बहिणीच्या सिंकसमोर खिडकी आहे, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. घर सरकारी यादीतलं जुनं, परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही; म्हणून यंदा तिने स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीत खिडकी पाडायचा अर्जच ठोकला.

माझी झोप उडाली. त्याच भिंतीला बाहेरून टेकून माझा बाक आहे. रोज दहा वाजता मी वरच्या कुरणातला पडका दगडी बांध लावायला म्हणून निघतो आणि या बाकावर पोचतो. बारापर्यंत निवांत पाइप ओढतो.

जुन्या वास्तूंच्या खात्यातून मिस ऑलरॉइड आली. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि इतक्या जुन्या भिंतीला नवं भोक पाडता येणार नाही म्हणून सांगितलं. मी तोंड पाडलं, पण खुशीत तिला केकचा जाड तुकडा कापला, सोबत आमच्याकडच्या रीतीने चीजही दिलं. तिथेच चुकलो. खाऊन तिला हुरूप आला आणि भिंत बाहेरूनही बघायची म्हणाली.

तिने बाक मला सरकवायला लावला. मागे भिंतीच्या दगडांत दोन सरळ उभे सांधे होते. सांध्यावर सांधा कुठलाच गवंडी ठेवत नाही, एवढं मलाही कळतं.

"इथे खिडकी होती. कुणीतरी बुजवलीय," ती म्हणाली. "जुनी उघडायला आमची हरकत नसते."

पुढच्या महिन्यात दगड काढले, तर आतून माझ्या वडिलांचा तंबाखूचा डबा निघाला. मला भरून आलं. म्हातारासुद्धा रोज दहाला वरचा बांध लावायला जायचा, आणि तो बांध मी जन्मात उभा पाहिला नाही.

खिडकी झाली, बाक तिच्याखाली परत आला. दुसऱ्या दिवशी दहाला सवयीने बाकावर टेकलो, तर खांद्यावर फडकं पडलं आणि मागून एक ओली बशी पुढे आली.

"एकतीस वर्षं बांध लावतोयस, क्लिफर्ड," एनिड म्हणाली, "आणि हाताला एक ओरखडा नाही. नीट पूस."