उजव्या पायाखाली

मास्तरांची नवीकोरी गाडी मास्तरांच्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर जाऊन आदळली. पाटीवर लिहिलं होतं, 'आधी ब्रेक, मग बाकीचं.' त्यातलं 'आधी ब्रेक' बॉनेटखाली गेलं आणि 'मग बाकीचं' तेवढं वर उरलं. लागलं कुणालाच नाही. लागलं ते मास्तरांच्या नावाला, आणि नाव म्हणजे तर मास्तरांचा जीव की प्राण.

बघता बघता अर्धा रस्ता गोळा झाला. त्यातल्या निम्म्यांना मास्तरांनीच गाडी शिकवलेली. मास्तर उतरले, घाम पुसला आणि कडाडले, "सायकल आडवी आली म्हणून ब्रेक दाबला मी! थांबायचं सोडून उधळली. सगळं इलेक्ट्रॉनिक ना, डोकंच फिरलं तिचं."

शेजारच्या सीटवरून मास्तरीणबाईही उतरल्या, पण त्यांना विचारतो कोण? त्यांनी मास्तरांचा उजवा पाय पाहिला होता. पाटी जवळ येत होती तसतसा तो पाय आणखी जोर लावत होता. मास्तर काहीतरी जीव खाऊन दाबत होते, एवढं खरं.

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने साखर पेरून सांगितलं होतं, "हिला क्लच नाही, पण डोळे आहेत सर. समोर काही आलं की स्वतःच ब्रेक लावते." तेही खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक विद्यार्थी चालवत असताना उडत्या प्लॅस्टिकच्या पिशवीला घाबरून ती अशी थांबली होती, की मास्तरांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. त्यावर मास्तर खूश होऊन म्हणाले होते, "बघा, माझ्याच तालमीतली वाटते!"

कंपनीचा इंजिनियर लॅपटॉप घेऊन आला. गाडीला वायर जोडून बराच वेळ बघत बसला. मग घसा खाकरून म्हणाला, "सर, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला दिसतोय. ब्रेकला पाय लागलेलाच नाही."

"मला ब्रेक शिकवतोस? अर्ध्या गावाला मी शिकवलाय! आणि तुमचा तो आपोआपचा ब्रेक कुठे झोपला होता?"

"झोपला नव्हता सर. पाटी दिसली होती त्याला. पण एक्सलरेटर एवढा दाबलेला बघून गाडीला वाटलं, चालवणाऱ्याला कळतंय तो काय करतोय. म्हणून तिने माघार घेतली."

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. थांबली की गाडी हुशार, आदळली की माणूस हुशार! असा सोयीचा मान तर जावयालाही मिळत नाही.

मास्तर मात्र हटून बसले. कोर्टात जाईन, पेपरात देईन, सगळे विद्यार्थी साक्षीला उभे करीन. इंजिनियरचाही चेहरा पडला. शेवटी दोघांनी मिळून एक तोड काढली. खापर फोडायला तिसरं डोकं शेजारीच बसलेलं होतं की! सोबत बसलेल्या बाई किंचाळल्या, त्यामुळे चालकाचा पाय घसरला, असं लिहायचं. कंपनी सुटली, मास्तर सुटले, दुरुस्ती फुकट. सही फक्त बाईंची हवी.

"अगं, तुला काय फरक पडतो?" मास्तर घरी येऊन म्हणाले. "तुला कुठे गाडी चालवायचीय?"

हे बाईंना झोंबलं. लग्नानंतर एकदाच मास्तरांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबला म्हणून चारचौघांत "तुझ्या पायाला डोकं नाही" असं म्हणून खाली उतरवलं होतं. त्यानंतर बाईंनी विषय काढला नाही. मात्र त्यांच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, लायसन्स होतं. मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिकवणीची जुनी गाडी पुसायला गेल्या. पुसता पुसता मास्तरांच्या जागी बसल्या. शिकवणाऱ्याच्या बाजूला दोनच पेडल असतात: डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. बाईंचा हात थांबला. वीसेक वर्षं मास्तर याच सीटवर बसत आले होते. भाजीला जायचं तरी एखाद्या विद्यार्थ्याला चालवायला लावायचे, तेवढाच त्याचा सराव. स्टेअरिंगमागे ते असे बसलेच नव्हते. गाडी आदळली त्या दिवशी स्कूलला सुट्टी होती, म्हणून बसले.

बाईंना सगळं लख्ख दिसलं, आणि रागच आला. स्वतःच्या पायाचं बायकोच्या घशावर ढकलायला निघाले होते!

इंजिनियर कागद घेऊन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "करते सही. आधी एक चक्कर मारू." आणि शिकवणीच्या गाडीत स्टेअरिंगमागे जाऊन बसल्या.

"अगं, वेड लागलंय का? तुला येते कुठे?"

बाईंनी लायसन्स काढून डॅशबोर्डवर ठेवलं. मास्तर धावत जाऊन शेजारच्या आपल्या नेहमीच्या सीटवर बसले. इंजिनियर मुकाट्याने मागे बसला. बाईंनी अंगणातून गाडी सरळ त्या वाकड्या पाटीवर घेतली.

"ब्रेक! अगं, ब्रेक!" मास्तर ओरडले, आणि त्यांनीच दाबला. पाटी हातभर लांब असताना गाडी थांबली.

"कुठलं पेडल दाबलंत?"

"उजवं! दुसरं कुठलं दाबणार?"

"आणि नव्या गाडीतही दोनच आहेत. त्यातलं उजवं कसलं?"

मास्तरांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय अजूनही पेडलवर होता. मागे इंजिनियर खिडकीबाहेर बघत राहिला. मास्तर एकदम म्हातारे दिसले, आणि बाईंना क्षणभर वाईटही वाटलं.

मास्तरांनी विचारलं, पण भलतंच. "तुला शिकवलं कुणी?"

"चौकापलीकडच्या स्कूलमधल्या बाईंनी. त्या ओरडत नाहीत."

मास्तरांना पाटीपेक्षा हे जास्त लागलं. त्यांनी कागद ओढून घेतला, बायकोवरची ओळ खोडली आणि स्वतःची सही केली.

आता नवी गाडी मास्तरीणबाईच चालवतात. मास्तर शेजारी बसतात. सिग्नल लाल झाला की त्यांचा उजवा पाय नुसत्या मॅटवर जोरात दाबला जातो. तेवढ्यात बाई ब्रेक लावतात, गाडी थांबते, आणि मास्तर समाधानाने मान हलवून म्हणतात, "बघ, कशी वेळेवर थांबवली!"

सिग्नल हिरवा झाला की बाई गाडी पुढे घेतात.