गार फेरी

मग चाकाखाली ठोकळा कोणी सरकवला?

हे मी डॉक्टरांना विचारलं, मैदान सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, आणि दादाच्या शेजारी गाडी लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरला तर कॉलर धरून विचारलं. सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच केलं. बाई म्हणाल्या, तूच सरकवला असशील, अशा वेळी माणसाला आठवत नाही. पण मी नव्हता सरकवला. मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नळावर पाण्याचा कॅन भरत होतो. परत आलो तेव्हा दादाची हिरवी गाडी तिच्या जागेवर सरळ लावलेली होती, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, मागच्या चाकाखाली आमचा लाकडी ठोकळा, आणि आत दादा, डोक्यावर हेल्मेट, छातीवरचे पट्टे घट्ट बांधलेले, मान जराशी पुढे. मला वाटलं दमलाय. मी कॅन खाली ठेवला आणि म्हटलं, "उतर की आता, का पालखी मागवू?"

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वरखाली न्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःला गोल गोल फिरवायचं, असं तो स्वतःच सांगायचा. गावाबाहेर एक बंद पडलेला विमानतळ आहे, तिथे महिन्यातून एखाद्या रविवारी हौशी माणसांना गाड्या पळवू देतात. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. कोणी बेकरीवाला येतो, कोणी रिटायर झालेले मास्तर येतात, आणि सगळे आपापल्या जुन्या लाडक्या गाडीत बसून दिवसभर घिरट्या घालतात. दादाची गाडी त्या सगळ्यांत म्हातारी. दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. त्यानं ती सांगाड्याच्या अवस्थेत आणली आणि आमच्या घराखालच्या गॅरेजात कित्येक वर्षं खपून उभी केली. आई तिला कासव म्हणायची. वहिनी म्हणायची सवत. "जेवायला येताय, की सवतीनं वाढलंय?" असं ती जिन्यातून ओरडायची आणि दादा खालूनच उत्तर द्यायचा की सवत निदान मीठ विसरत नाही.

शाळा मला झेपली नाही, मी टायरच्या दुकानात लागलो, पण गाडीबद्दल जे कळतं ते दादामुळे. त्यानं मला पहिल्यांदा शिकवलं ते पळवणं नव्हे, थांबवणं. दौडवून आणलेला घोडा कोणी लगेच खुंट्याला बांधत नाही, आधी त्याला चालवून गार करतात, तसंच गाडीचं. म्हणून शेवटची एक फेरी ब्रेकला पाय न लावता, सावकाश घ्यायची. ती गार फेरी. त्या फेरीत वळणावळणावर उभ्या असलेल्या झेंडेवाल्यांना हात वर करून दाखवायचा, म्हणजे आज आम्हाला सांभाळलंत, येतो आता. तेही हात वर करतात. आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले ब्रेक जिथल्या तिथे चिकटून बसतात. चाकाखाली ठोकळा सरकवायचा आणि गाडी आपली आपण निवेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. तेव्हा इंजिनातून बारीक आवाज येतो, टिक, टिक, मग जरा थांबून टिक. तापलेलं लोखंड आकसतं त्याचा. दादा म्हणायचा, ऐक, आता ती झोपतेय.

त्या दिवशी मागच्या वळणावरच्या झेंडेवाल्यानं दादाची मान पडलेली पाहिली. डॉक्टरांचंही तेच म्हणणं, की तिथेच सगळं संपलं, दिवा मालवावा तसं, त्याला कळलंसुद्धा नसेल. पण तिथून आत येईपर्यंत अर्धं मैदान उरतं, आणि त्या अर्ध्या मैदानावरचे बाकीचे झेंडेवाले शपथेवर सांगतात की हिरवी गाडी सावकाश गेली आणि दादानं प्रत्येकाला नेहमीसारखा हात केला. त्यांनीही त्याला हात केला.

गाडी घरी आणली ती टेम्पोवर चढवून. गॅरेजात ढकलली, शटर ओढलं, आणि दादाचं सगळं होऊन पाहुणे गेले तरी तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग एक दिवस आई खाली कपडे वाळत घालायची दोरी शोधायला गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मी गेलो. ती गाडीपुढे उभी होती, बॉनेटवर हाताचा तळवा टेकवून, जसा लहानपणी आमच्या कपाळावर टेकवायची तसा.

"अजून गरम आहे रे," ती म्हणाली.

मी हात लावला. होती. उन्हात उभी केल्यासारखी वरवरची ऊब नव्हती, आतून येणारी होती, नुकती फेरी मारून आणल्यावर असते तशी, आणि त्या गॅरेजाला तर खिडकीसुद्धा नाही. मी बॅटरी काढली, पेट्रोल काढून टाकलं, गाडीखाली झोपून हात जाईल तिथे चाचपून पाहिलं. काहीच चालू नव्हतं. टिकटिकही नव्हती. नुसती ऊब. दोन दिवसांनी दातांचा डॉक्टर भेटायला आला, त्यानं सहज बॉनेटला हात टेकवला आणि झटकन काढून घेतला. "आत्ताच फिरवून आणलीस वाटतं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आई रोज खाली जाऊ लागली. आधी घटकाभर, मग सकाळचा चहा झाल्यावर, मग चहाच घेऊन. पाठोपाठ वहिनी. वहिनी माहेरी जायची होती, तिचा भाऊ दोनदा न्यायला आला, पण तिनं बॅग भरली नाही. जिला आयुष्यभर सवत म्हणून हिणवलं तिच्या दाराला पाठ टेकवून ती फरशीवर बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. दोघी फारसं बोलत नसत. दादाचा जुना रेडिओ फळीवर होता, तोही त्यांनी कधी लावला नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं, म्हटलं, रडत तरी नाहीत. पण हळूहळू वरच्या खोल्या ओस पडल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर धूळ बसली. मी दुकानातून यायचो, डब्यातलं काहीतरी खायचो, आणि खालून कोणी विचारायचं नाही की जेवलास का. आईनं जन्मात कधी हा प्रश्न चुकवला नव्हता, मी भांडून गेलो असलो तरी. दोघींचे तळवे आधी लाल झाले, मग त्यांना फोड आले. मी मलम आणलं. वहिनीनं ते न उघडताच फळीवर ठेवलं. आईचा हात धरून तिला वर न्यायला गेलो तर तिचा दंड मला गार लागला, फरशीसारखा, आणि तळवा चटका देणारा. ती माझ्याकडे बघत होती, पण दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

दादा गेला होता, ते मला कळत होतं. पण या दोघी जिवंत होत्या, आणि त्याही माझ्या हातातून चालल्या होत्या, घराखालच्या एका खोलीत बसल्याबसल्या. मला माझी माणसं परत वर हवी होती, बाकी काही नको होतं. त्या रात्री पडल्यापडल्या माझ्या डोक्यात आलं की दादाची स्वतःची गार फेरी त्या वळणापर्यंत, म्हणजे अर्धीच झालीय. अर्ध्यावर राहिली तर कुठली गाडी निवेल?

एकदा काही सुचलं की मी थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी मी बॅटरी जोडली, पेट्रोल भरलं आणि आईला उचलूनच गाडीपासून दूर, भिंतीशी बसवलं.  वहिनी मात्र शटरमध्ये आडवी उभी राहिली.

"भाऊजी, अर्धी आहे ती अर्धीच राहू द्या."

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. फेरी अर्धी राहिल्याबद्दल, झेंडेवाल्यांच्या शपथेबद्दल, काहीच नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आरशात बघा एकदा स्वतःला." ती बाजूला झाली. जाताना मी आरशात पाहिलं तर त्या दोघी रिकाम्या गॅरेजात, गाडी होती त्या जागी, फरशीवर हात टेकून बसल्या होत्या.

मैदानावर बाईंनी मला पाहून तोंडाला हात लावला, पण अडवलं नाही. बेकरीवाल्यानं दादाचंच हेल्मेट माझ्या डोक्यावर नीट बसवलं आणि म्हणाला, हळू जा रे पोरा, तुझ्या घरी आता तूच आहेस. मी हळूच गेलो. मला पळवायची नव्हतीच. इतरांना वाट देत, कडेकडेनं, मी सरळ गार फेरी घेतली. मागचं वळण आलं तेव्हा गाडी जड झाली, बाजूच्या सीटवर कोणी येऊन बसावं तशी. मी त्या बाजूला बघितलं नाही. वळणाच्या मधोमध मला एकदम खूप थकवा आला, इतका की वाटलं जरा डोळा लागला तर कोणाचं काय बिघडणार आहे, आणि मग माझा उजवा हात वर गेला. मी तो नेला नव्हता. पुढच्या झेंडेवाल्यानं हात केला, त्याच्या पुढच्यानं केला, आणि मी त्यांच्याकडे काचेमागून बघावं तसं बघत होतो.

जागेवर आलो. इंजिन बंद केलं. ठोकळा सरकवायला उतरावं म्हणून पट्टे सोडले, उतरलो, वाकलो, तर ठोकळा चाकाखाली होता.

शेजारी दातांचा डॉक्टर चहाचा कप घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, हा कोणी सरकवला? तो हसला आणि मग हसायचं थांबला.

"तूच. आलास, उतरलास, सरकवलास, परत आत जाऊन बसलास. पट्टेसुद्धा बांधलेस. कितीतरी वेळ बसला होतास आत, मी म्हटलं आठवण येत असेल, बसू दे."

मागच्या वळणावरचा झेंडेवाला परत जाताना माझ्यासमोर थांबला. माझ्या मानेकडे बघत राहिला. मग फाटकापर्यंत जाताना तीनदा मागे वळला.

परतीच्या वाटेवर गाडी टिकटिकायला लागली. चालत्या गाडीतून तो आवाज येत नाही कधी, पण येत होता. गॅरेजात लावल्यावर आणखी थोडा वेळ आला, मग विरळ झाला, मग थांबला. आईनं बॉनेटवर हात ठेवला. वहिनीनं ठेवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लोखंड गार होतं, जसं असायला हवं तसं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, आता रडतील, पोटभर रडतील, मग वर येतील, आई ओटा पुसेल आणि विचारेल जेवलास का.

आई माझ्याजवळ आली. माझ्या मानेवर तिनं तळवा ठेवला आणि तसाच ठेवून ती वहिनीकडे वळली.

"हा अजून गरम आहे गं."

त्या वर आल्या. मला हवं होतं तसंच सगळं झालं. ओटा पुसला गेला, दिवे लागले, आईनं ताट वाढून विचारलं जेवलास का, आणि मी जेवू शकत नव्हतो तरी जेवलो म्हटलं. तेव्हापासून मी खिडकीजवळच्या खुर्चीत असतो. दुकानात जात नाही. मालकानं निरोप पाठवला, मग तोही पाठवेनासा झाला. आई माझा एक हात धरून बसते, वहिनी माझ्या खुर्चीला पाठ टेकवून खाली बसते. त्यांचे फोड भरून आलेत. दोघींच्या गालांवर रंग आलाय. कधीकधी त्या हसतातही, दादाची एखादी गोष्ट काढून, आणि सांगताना त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू ती गोष्ट माझीच असावी. मला झोप येत नाही, भूक लागत नाही. दादाला काही कळलं नसेल असं डॉक्टर म्हणाले होते. कळतं.

आज दुपारी आई माझ्या हातावर हात ठेवून पेंगत होती आणि मला माझ्या छातीतून आवाज आला. टिक. मी श्वास रोखून बसलो. मग बऱ्याच वेळानं, टिक. वहिनीनं मान जराशी वळवली, काहीतरी ऐकल्यासारखी.

मी तिला म्हटलं, वहिनी, खालचा दादाचा रेडिओ वर आणा, आणि मोठ्यानं लावा.