लाल कड्याचे दाणे

मी एक जुने भिंग आहे. वाटोळी काच, पितळी कडी आणि लाकडी मूठ, एवढाच माझा संसार. काचेच्या कडेचा एक टवका उडाला आहे. मी ज्यांच्याकडे असतो त्या डॉक्टरबाईंच्या मुलीने मला उन्हात धरून कागद जाळण्याचा घाट घातला होता. आईची चाहूल लागताच ती मला फरशीवर टाकून पसार झाली, तेव्हाची ती खूण.

मित्रांनो, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. ओल्या भुकटीवर तो मला दिवसचे दिवस घासत असे. घासून घासून मी लख्ख झालो आणि तेव्हापासून मला एक खोड लागली. दिसेल त्यात नाक खुपसायचे! पुढे मी त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर आलो आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असे झाले. तिथे नाक खुपसणे हेच तर काम होते.

माणसाचे कातडे म्हणजे केवढा मोठा मुलूख! चामखीळ जवळून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसते. नागीण म्हणजे लालसर जमिनीवर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोसच्या घोस. हे सारे विषाणूंचे उद्योग. बाई रोग्यांना समजावत, की धडधाकट शरीराचे पहारेकरी बहुधा विषाणूला हुसकून लावतात. पण ज्यांचे पहारेकरी आजाराने थकलेले किंवा औषधाने गुंगवलेले असतात, त्यांच्याकडे तो पाहुणा म्हणून येतो आणि घरमालक होऊन बसतो. मला हे ऐकायला फार आवडे.

एके दिवशी सलूनवाले दादा आले. सोबत त्यांची थोरली बहीण होती. दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा या ताईंनीच आपली एक त्यांना दिली होती. शरीराने ती परकी समजून तिच्यावर हल्ला करू नये, म्हणून दादांना पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. त्यांच्या डाव्या हातावर मोत्यासारखे दाणे उठले होते, प्रत्येकाच्या मधोमध इवलासा खळगा. मला नवल वाटले ते त्यांच्या सरळ रांगांचे. विषाणू रांगेत उभे राहायला कुठून शिकला?

बाईंनीही तेच विचारले. तेव्हा दादांनी संकोचत सांगितले, की त्यांच्या उस्तादांची शिकवणच होती तशी. वस्तऱ्याला नवे पाते लावले की पहिला फटकारा स्वतःच्या हातावर मारून धार पाहायची. आपल्याला न लावलेली धार गिऱ्हाइकाला लावायची नाही. उस्तादांचा हेतू चांगलाच होता, पण पाते दाणा खरवडत होते आणि पुढे पेरत चालले होते. शिवाय तेच पाते मग गिऱ्हाइकाच्या गालावर जायचे. बाईंनी ही सवय तत्काळ बंद करायला सांगितली. हात झाकून कात्री चालवा, वस्तऱ्याला मात्र सध्या सुट्टी, असे बजावले. दाणे थोडे थोडे गोठवून काढता येतील, पण पहारेकरी पेंगत असल्याने वेळ लागेल, असेही त्या म्हणाल्या. दादांचा चेहरा पडला. सलून म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि पुढे हातावरची पट्टी पाहून माणसे दारातूनच परत फिरू लागली.

काही आठवड्यांनी ते आले ते हसतच. बाही वर सरकवून त्यांनी हात पुढे केला. दाणे सुकायला लागले होते! ताईंचा आनंद तर गगनात मावेना. बाईंनी मला हातावर धरले. प्रत्येक दाण्याभोवती लालभडक कडे उमटले होते. अशी कडी मी लहान मुलांच्या अंगावर कितीदा पाहिली होती. पहारेकरी जागे होऊन लढू लागले की ती उठतात आणि मग दाणे हळूहळू जातात. मी खुळा, खूश झालो. पण माझ्या मुठीवरची बाईंची पकड एकदम घट्ट झाली. दादांचे पहारेकरी जागे झालेच कसे?

बाईंनी मला खाली ठेवले आणि हळूच विचारले, "दादा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"गोळ्या कशा बंद असतील?" ताई हसून म्हणाल्या. "मी रोज फोन करून विचारते ना."

दादा मान खाली घालून बसले होते. "एकच बंद केलीय," ते म्हणाले. "पहारेकरी झोपलेत म्हणून हे वाढतंय, असं तुम्हीच म्हणालात. म्हटलं, जरा जागे करू. हात साफ झाला की परत सुरू करणार होतो."

बाईंनी सांगितले, की जागा झालेला पहारेकरी हातापाशी थांबत नाही. तो किडनीवरही चाल करून जातो. त्यांनी तिथूनच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दादांना थेट रुग्णालयात पाठवले. ताई उठल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि मला तेच फार लागले.

"हातावरचं लोकांना दिसतं, म्हणून तुला त्याची लाज वाटली," त्या म्हणाल्या. "आत माझं जे आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून ते गेलं तरी चालेल, होय रे?"

त्याच सुमारास टेबलावर दिवा लावलेले एक नवे यंत्र आले आणि माझी रवानगी खणात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याहून मोठा घोर एकच होता. ताईंची किडनी वाचली का? खणातल्या कापसाला विचारून काय उपयोग!

मग एकदा त्या यंत्राची बॅटरी ऐनवेळी संपली आणि बाईंनी खण उघडला. समोर दादा होते, थोडे वाळलेले. शेजारी ताई. किडनीला इजा झाली होती, पण वेळेत कळल्यामुळे ती सावरली होती. साऱ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि रक्ताचा नवा अहवाल चांगला होता. बाईंनी मला हातावर धरले. लाल कडी नाहीशी झाली होती, म्हणजे पहारेकरी पुन्हा गुंगीत होते. दाणे पुन्हा टपोरे, मोत्यासारखे, आणि चार नवेही! दादा ओशाळून हात मागे घेऊ लागले.

ताईंनी तो धरून ठेवला. मला मागून घेतले आणि वाकून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. रोग परत आलेला पाहून कुणाच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी तोवर पाहिले नव्हते.

"असू देत," त्या म्हणाल्या. "काढू सावकाश."

मित्रांनो, मनाला येईल तेव्हा औषध बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि एखाद्या सलूनवाल्याच्या हातावर पट्टी दिसली, तर दारातून परत फिरू नका. आत जा, खुर्चीवर बसा आणि केस कापून घ्या.